वडीचा चिनी चहा: विदर्भातल्या गावात रोज कसा प्यावा, कधी टाळावा

पु-अर चहाची वडी पहिल्यांदा पाहिली की गोवरीच आठवते. गोल, चपटी, काळपट, दाबून बसवलेली. वास ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा, बंद कोठीचा. नवखा माणूस मग दोनपैकी एक चूक करतो. वासाला घाबरून पहिला कप मोरीत ओततो, नाहीतर नेहमीसारखं दूध, साखर, आलं घालून खळखळ उकळतो आणि 'यात काय विशेष?' म्हणतो. हा चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा, कोरा प्यायचा असतो. आपल्या भागात तो रोज प्यायचा तर चहापत्तीच्या आधी घरचं पाणी आणि जेवणाची वेळ पाहावी लागते.

आंबवलेला म्हणजे काय

पु-अर चीनच्या नैऋत्येकडच्या युन्नान प्रांतातला. झाड रुंद पानांचं, आसामच्या चहाच्याच जातीतलं. आपल्या नेहमीच्या दाणेदार चहात पान स्वतःच्या रसाने हवेत काळं पडतं, त्यात जंतूंचं काम नसतं. पु-अरमध्ये पान वाळवल्यानंतर बुरशी आणि जिवाणू त्याच्यावर काम करतात, म्हणून तो खरा आंबवलेला.

त्यात दोन प्रकार आहेत. कच्च्याला 'शंग' म्हणतात. तो वडी बांधून ठेवतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू मुरू देतात. नवा शंग कडू, तुरट आणि पोटाला तिखट. पक्क्याला 'शौ' म्हणतात. हा थांबण्याचा वेळ वाचवण्यासाठी कुनमिंग आणि मंगहाय इथल्या कारखान्यांनी १९७०च्या दशकात पानांचे ढीग घालायची पद्धत बसवली. ढिगावर पाणी मारायचं, कापड झाकायचं, मधूनमधून पालथा घालायचा. शेणखताचा ढीग आतून तापतो तसाच हाही ५०-६० अंशांपर्यंत तापतो आणि साधारण दीड-दोन महिन्यांत पान काळं, मऊ चवीचं होतं. नवख्याने शौनेच सुरुवात करावी. नवा शंग रिकाम्या पोटी घेऊन ज्याला मळमळ आणि हातापायाला कंप सुटला, तो पुन्हा या चहाकडे वळत नाही.

याच घराण्यात ग्वांगशी प्रांतातला लिउ पाओ येतो, आणि हुनानमधली फू वीट, जिच्यात मुद्दाम पिवळ्या बुरशीचे ठिपके वाढवलेले असतात. कोंबुचा मात्र निराळा. ते साखर घातलेल्या चहाला विरजून केलेलं आंबट पेय आहे.

घेताना

पूर्ण वडी ३५७ ग्रॅमची असते. रोज ५ ग्रॅम धरले तर ७१ दिवस पुरते, म्हणून चव माहीत नसताना घेऊ नका. २५-५० ग्रॅमचा तुकडा किंवा ५-५ ग्रॅमच्या छोट्या वाट्यांसारख्या गोळ्या मिळतात, त्यांनी सुरुवात करा. पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, १४ आकडी अन्न परवाना क्रमांक आणि तारीख हवी. कापडी पिशवीतून सुटा तोलून दिलेला 'तीस वर्षं जुना' माल नको. खरा जुना पु-अर महाग असतो, तो असा फिरत नाही.

वडीवर ७५७२, ७५४२ असे आकडे दिसले तर फसू नका. पहिले दोन आकडे मिश्रणाची कृती कोणत्या वर्षाची आहे ते सांगतात (७५ म्हणजे १९७५), तिसरा पानाची प्रत आणि शेवटचा कारखाना. वडी १९७५ सालची आहे असा त्याचा अर्थ नाही. ७५७२ हे शौचं नेहमीचं मिश्रण, ७५४२ हे शंगचं.

'वजन घटवणारा चिनी चहा' असं लिहिलेल्या पुड्या वेगळ्या. घटक वाचा. सोनामुखी असेल तर पोट चहाने साफ झालेलं नसतं, जुलाबाने झालेलं असतं. ते रोज चालवण्यासारखं नाही. पु-अर चरबी वितळवतो असंही बरंच सांगतात. दिवसाचे चार साखरेचे चहा सोडून दोन कोरे कप घेतले तर फरक दिसेल, पण तो मुख्यतः गेलेल्या साखरेचा आणि दुधाचा असेल.

स्वस्त म्हणून जाड, देठाळ पानांची वीट घेऊ नका. त्याचं कारण पाण्याशी जोडलेलं आहे.

आधी पाणी बघा

चहाचं झाड जमिनीतलं फ्लोराइड पानात साठवतं. पान जितकं जून, तितकं फ्लोराइड जास्त. जून पानांच्या विटा पिढ्यान्‌पिढ्या उकळून पिणाऱ्या तिबेटी आणि मंगोल भागांत दातांवर डाग पडणं, हाडं ताठरणं हे दिसलेलं आहे. आता हे आपल्या नकाशावर ठेवून पाहा. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत बोअर आणि हातपंपाच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरी सोय नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं असं भारतीय मानक आहे. पाण्यातूनच त्याहून जास्त पोटात जात असेल तर वरून रोज गडद चहा म्हणजे भर.

इथे दोन गैरसमज हमखास आढळतात. पाणी उकळलं की दोष जातो, हा पहिला. उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण थोडं वाढतं. कँडलच्या फिल्टरने ते निघतं, हा दुसरा. तेही खरं नाही. चालू स्थितीतलं आरओ यंत्र ते बरंच कमी करतं. पावसाचं साठवलेलं स्वच्छ पाणीही चालतं. पाणी तपासलेलं नसेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला गाठा. त्याच्यामार्फत नमुना प्रयोगशाळेत जातो. अहवालात फ्लोराइडचा आकडा वेगळा बघा, 'पिण्यास योग्य' एवढ्यावर थांबू नका. मुलांच्या दातांवर पांढरे-पिवळे पट्टे दिसत असतील तर अहवाल येईपर्यंत हा चहा सुरूच करू नका.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात दुखणं निराळं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या बोअरचं पाणी खारं. त्यात पु-अरचा गोडवा मरतो, चव मचूळ होते. जड पाण्यात कपावर तेलकट दिसणारी पातळ साय धरते. ती तेलाची नसते. पाण्यातल्या चुन्याची आणि चहातल्या तुरट द्रव्यांची ती गाठ असते. लिंबाचे दोन थेंब टाकले की ती कमी होते, पण क्षार तिथेच राहतात. या पट्ट्यात मूत्रपिंडाची तक्रार असलेल्या माणसाने चहाचा प्रयोग डॉक्टरला विचारूनच करावा.

चांगली चव हवी तर साध्या आरओचं किंवा नळयोजनेचं गोडं पाणी वापरा. माठात रात्रभर ठेवलेलं असेल तर क्लोरीनचा वासही उडतो.

वडी सोडवणं आणि माप

वडी सुरीने कापायची नाही. पोती शिवायचं दाभण उत्तम काम करतं, फक्त त्यावर गंज नको. वडी ताटात आडवी ठेवा, दाभण कडेने दोन पापुद्र्यांच्या मधे घाला, हलकं वर उचका. पापुद्रे सुटतात, पानं मोडत नाहीत. वडी तळहातावर धरून हाताच्या दिशेने दाभण मारलंत तर चहाआधी मलमपट्टी करावी लागेल. जो चुरा पडतो तो वेगळ्या डबीत ठेवा. तो लवकर उतरतो, कडवट होतो, म्हणून निम्म्या मापाने वापरा.

छोटा वजनकाटा नसेल तर वडीचे पोळीसारखे आठ भाग करा. एक भाग साधारण ४५ ग्रॅम, म्हणजे नऊ दिवसांचा. तो नऊ पुड्यांत वाटला की रोजचं माप तयार. चमच्याने मोजायला जाऊ नका. घट्ट तुकड्याचा चमचा आणि सुट्या पानांचा चमचा यांत दुपटीचा फरक पडतो.

करायची रीत

पहिला आठवडा ३ ग्रॅमनेच भागवा.

गंजात पाऊण लिटर पाणी चांगलं उकळू द्या. नुसतं कोमट-गरम पाणी या चहाला चालत नाही. घट्ट दाबलेला तुकडा त्यात उमलत नाही आणि वर नुसती मातीची चव येते. गावात बसून पाण्याला जवळजवळ पूर्ण उकळी मिळते. चिखलदऱ्याला मात्र पाणी साधारण ९६ अंशांनाच उकळतं, तिथे मिनिटभर जास्त ठेवा.

चहा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात घाला. तो बुडेल इतकंच उकळतं पाणी ओता, दहा सेकंद थांबा आणि फेकून द्या. ही धुवण आहे. धूळ, साठवणीचा वास जातो, तुकडा सैल होतो. धुतल्याने कॅफिन निघून जातं असं म्हणतात, ते खरं नाही. दहा सेकंदांत फारच थोडं उतरतं.

मग ३०० मिलि पाणी ओता, झाकण ठेवा, तीन मिनिटं थांबा आणि सगळं गाळून दुसऱ्या भांड्यात काढा. पानं पाण्यात तशीच ठेवली तर अर्ध्या तासात शाई होते, आणि चहाचा दोष नसताना चहा बदनाम होतो. त्याच पानांवर दुसऱ्यांदा चार मिनिटं, तिसऱ्यांदा सहा-सात मिनिटं. तिसरं पाणी फिकं पण गोडसर असतं आणि बऱ्याच जणांना तेच आवडतं.

चिनी पद्धत याहून छोटी. १०० मिलिच्या झाकणाच्या वाटीत ५ ग्रॅम, धुवण झाल्यावर पहिलं पाणी दहा सेकंद, पुढे दहा, पंधरा, वीस, तीस असं वाढवत आठ-दहा पाणी. घरी दोघं-तिघं निवांत बसली असतील तर मजा येते. वावरात जायच्या घाईत नाही.

बरोबर उतरलेला शौ गडद तांबडा दिसतो, कपाच्या काठाशी विटेचा रंग. काहीतरी चुकलं तर चव सांगते. माशासारखा वास म्हणजे ढिगातून निघून फार दिवस झालेले नाहीत. तुकडे सोडवून कोऱ्या, वास नसलेल्या मडक्यात दोन-तीन आठवडे सैल झाकून ठेवा, वास बराच उतरतो. आंबट चव म्हणजे आंबवण बिघडली, किंवा तुम्हीच सकाळची ओली पानं संध्याकाळपर्यंत झाकून ठेवली. ओली पानं त्याच दिवशी संपवा. पावसाळ्यात तर चार-पाच तासांतच. घसा खवखवला, कोरडा पडला, दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तर तो माल पिऊ नका. कुबट, गोदामाचा वास धुतल्यावरही राहिला तरी तेच.

दूध घालायचंच असेल तर साधा चहा प्या, पैसे वाचतील. तिबेटात या चहात लोणी आणि मीठ घालतात, पण तिथली थंडी आपल्याकडे नाही.

दिवसात कुठे बसवायचा

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको असं म्हटलं आहे, आणि १५० मिलि चहात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम धरलं आहे. कोरड्या चहापत्तीत वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के कॅफिन असतं. म्हणजे ५ ग्रॅम पु-अर तिन्ही पाण्यांसकट १०० ते २०० मिलिग्रॅमपर्यंत जातो. आंबवल्याने कॅफिन संपत नाही. घरचे दोन, ठेल्यावरचे दोन चहा चालू ठेवून वर पु-अर घातला तर मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. त्याला जागा करायची तर आधीचे दोन-तीन चहा जायला हवेत.

उपाशीपोटी नको. सकाळी उठल्या-उठल्या कोरा पु-अर घेतला की आम्लपित्ताच्या माणसाला अकराच्या सुमारास जळजळ सुरू होते. आधी पाणी, मग शिळी भाकरी का असेना, काहीतरी पोटात जाऊ द्या. एकादशी, सोमवारच्या उपासाला हा चहा सोडूनच द्या.

जेवणाला लागून नको. चहातली तुरट द्रव्यं डाळ, ज्वारी, पालेभाजीतलं लोह धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी असं त्याच मार्गदर्शनात आहे. सावजी रस्सा झाल्यावर 'तेल कापायला' लगेच हा चहा मागणारे असतात. तासभर थांबा. जेवताना लिंबाची फोड किंवा आवळ्याचं लोणचं घेतलंत तर लोहाला उलट मदतच होते.

शेवटचा कप दुपारी तीनच्या आत. अंगात गेलेलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री लाईन असली की ओलितासाठी जागावं लागतं, तेव्हा नऊ-दहाला एक फिका कप समजू शकतो. पण पहाटे पंप बंद करायच्या आधी पुन्हा घेतला तर सकाळची झोपही जाते आणि दुसऱ्या दिवशी फवारणी किंवा ट्रॅक्टर झोपाळलेल्या डोळ्यांनी करावा लागतो.

एप्रिल-मेमध्ये वावरातून आल्यावर हा चहा तहानेचा उपाय नाही. आधी माठाचं पाणी, ताक, पन्हं. लघवी पिवळी गडद होत असेल तर त्या दिवशी चहा बंद. ऊन लागलं, उलट्या-जुलाब सुरू झाले, ताप भरला, तर मीठ-साखरेचं पाणी आणि दवाखाना.

कोणी टाळावा

रक्त कमी असलेल्या बाया-मुलींनी आधी लोह भरून काढावं. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी चहासोबत घेतली तर गोळीचा बराच भाग वाया जातो. गोळी आणि चहा यांत किमान दोन तास ठेवा. गोळ्या चालू आहेत तोवर पु-अर बंद ठेवला तर आणखी चांगलं.

गरोदरपणात दिवसाचं कॅफिन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा असं बहुतेक डॉक्टर सांगतात, आणि त्यात घरचा चहाही धरायचा असतो. सगळा हिशेब करण्यापेक्षा ते नऊ महिने पु-अर बाजूला ठेवणं सोपं. अंगावर पाजणाऱ्या आईचं बाळ झोपत नसेल, किरकिर करत असेल, तर चहा थांबवून पाहा. लहान मुलांना हा चहा देऊ नका.

सिकलसेल पूर्व विदर्भात बऱ्याच घरांत आहे. या रुग्णाच्या अंगातलं पाणी कमी झालं की दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्याच्या दिवसात पाण्याची जागा चहाने घ्यायला नको. लोहाच्या गोळ्याही त्याने तपासणीशिवाय मनाने घेऊ नयेत, म्हणून चहाचा प्रश्नही त्याच डॉक्टरपुढे ठेवा.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबतच घ्यायची असते. चहा त्यानंतर तासाभराने. दम्यावरच्या थिओफायलिनच्या गोळ्या आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक यांच्यासोबत कॅफिनचा त्रास वाढतो, धडधड होते, म्हणून ती औषधं चालू आहेत तोवर चहा नको. रक्त पातळ करायची गोळी, मानसिक आजारावरचं लिथियम, हृदयाच्या ठोक्यांचं औषध चालू असेल तर रोजचा चहा सुरू करण्याआधी किंवा अचानक बंद करण्याआधी डॉक्टरला सांगा. अल्सर, वारंवार आम्लपित्त, ताब्यात नसलेला बीपी, झोपेची तक्रार असेल तरी टाळा. मुतखडा होऊन गेलेल्यांनीही सांभाळून, कारण चहात ऑक्झलेट असतं आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी पिणं तसंही कमी पडतं.

रोज पिणाऱ्याने चहा एकदम सोडला तर दोन-तीन दिवस डोकं दुखतं. तो आजार नाही. दर दोन-तीन दिवसांनी एक पाणी कमी करत आठवड्याभरात सोडा.

साठवण

वडीला प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, फ्रिजमध्येही नको. तिचा कागद तसाच ठेवून कोऱ्या मडक्यात किंवा जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता ठेवा. हा चहा वास झपाट्याने ओढतो. चुलीचा धूर, फोडणी, उदबत्ती, लोखंडी पेटीतल्या डांबर गोळ्या, काहीही. पऱ्हाटीची औषधं किंवा खत ज्या खोलीत आहे, त्या खोलीत तर चहाच काय, खायची कोणतीच वस्तू ठेवू नका.

आपल्या मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की वडी निर्जीव लागते. घाबरू नका, पाऊस सुरू झाला की चव परत येते. पाणी शिंपडून ओल देण्याचा उद्योग करू नका, बुरशी तिथूनच लागते. खरी राखण जुलै ते सप्टेंबर. दर पंधरा दिवसांनी कागद उघडून दोन्ही बाजू पाहा, वास घ्या. कोरड्या दिवशी दुपारी तासभर सावलीत उघडी ठेवा, उन्हात नको.

पांढरे, हिरवे, काळे केसाळ ठिपके दिसले की फक्त तेवढा भाग खरवडून भागत नाही. मुळं आत गेलेली असतात आणि काही बुरशींचं विष उकळूनही जात नाही. पिवळे बारीक दाणे फक्त फू विटेत चालतात, पु-अरवर नाही. तशी वडी सगळीच टाका. आणि वाया कशाला घालवायची म्हणून ती ढोरांच्या कुटारात मिसळू नका, खड्ड्यात पुरा. उकळून झालेली चांगली पानं मात्र थंड करून खताच्या ढिगात टाकायला हरकत नाही.